एक डोळा मिटून चालणार नाही

आज एका वर्गाबद्दल बोलायचंय. कॅनडाच्या पूर्वेला, नोव्हा स्कोशियात केप ब्रेटन युनिव्हर्सिटी आहे. तिथे मर्डिना मार्शल शिकवायच्या. त्या मिकमॅक या मूलनिवासी समाजाच्या एल्डर, म्हणजे समाजानं जाणतं मानलेल्या व्यक्ती. शेरिल बार्टलेट या जीवशास्त्राच्या प्राध्यापिकेबरोबर त्यांनी एक अभ्यासक्रम उभा केला. त्यात विज्ञानाच्या शेजारी मिकमॅक ज्ञानाला जागा होती.

मर्डिनाबाईंचे पती अल्बर्ट मार्शल, तेही एल्डर. २००४ मध्ये त्यांनी या कामाला शब्द दिला, ‘एतुआप्तमुम्क’. दोन डोळ्यांनी पाहणं. एका डोळ्यानं आपल्या लोकांच्या ज्ञानाचं बळ बघायचं, दुसऱ्यानं पाश्चात्त्य विज्ञानाचं, आणि दोन्ही डोळे सगळ्यांच्या भल्यासाठी वापरायचे.

आता हे कोण सांगतंय बघा. अल्बर्ट यांचं लहानपण शुबेनॅकॅडीच्या निवासी शाळेत गेलं. १९३० ते १९६७ चाललेल्या या शाळेत मुलांना घरापासून तोडायचे, आपली भाषा बोलली तर शिक्षा व्हायची. ज्या व्यवस्थेनं भाषा हिसकावली, तिच्याही ज्ञानाचं बळ बघायला हा माणूस सांगतो.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पहिला विचार आला, एल्डरना सगळ्या औषधी वनस्पती विचारा, रेकॉर्ड करा, डेटाबेस बनवा. झालं काम!

पण मिकमॅक भाषेत ‘नेतुकुलिम्क’ म्हणून एक कल्पना आहे. निसर्गाकडून गरजेपुरतं घ्यायचं, आणि पुढच्या पिढ्यांना कमी पडणार नाही असं घ्यायचं. औषधाच्या मुळीबरोबर ही जबाबदारीही येते. माझ्या टेबलात मुळीचं नाव आलं असतं, उपयोग आला असता. जबाबदारी कुठल्या कॉलममध्ये टाकणार? आणि ती गळली की उरते फक्त उपटून न्यायची यादी. म्हणजे पुन्हा हिसकावणंच, फक्त जरा सभ्य भाषेत.

२०१२ मध्ये या तिघांनी आपल्या अनुभवातून आठ धडे लिहिले. पहिलाच असा की आपल्याला एकमेकांची गरज आहे, आणि शिकायचं ते सोबत. म्हणजे प्राध्यापकानंही विद्यार्थी व्हायचं.

तेव्हा उद्या कुणा जाणत्या माणसाकडे ज्ञान ‘गोळा करायला’ निघालात, तर रेकॉर्डर काढण्याआधी जरा त्यांच्याजवळ बसा. मीही तेच शिकतोय.

भेटू पुढच्या भागात.