वाटेवरची खानावळ आणि नवा मुखत्यार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त होसकोटे येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून हॉटेलांच्या संकेतस्थळांविषयी बोलावे, हे काहींना औचित्यास सोडून वाटेल. परंतु ज्या गावी आपण जमलो आहोत त्याचा आजचा लौकिकच मुळी जेवणावर उभा आहे. होसकोटे म्हणजे नवा कोट. शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत हे ठाणे होते. १७६८ च्या ऑगस्टात मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला, तोही येथेच. आता फौजा येत नाहीत. पहाटेच्या अंधारात बंगळूरहून मोटारी येतात, त्या दम बिर्याणीसाठी! सूर्योदयापूर्वी अभ्यंगस्नान तेवढे ठाऊक असलेल्या आपल्यासारख्यांना ही प्रथा पचनी पडण्यास थोडा काळ जावा लागतो, हे मान्य. तरी अन्नव्यवसाय येथील मराठी माणसाला परका नाही. बंगळुरात सामिष भोजनगृहाला ‘मिलिटरी हॉटेल’ म्हणतात, आणि ती चालविणाऱ्यांत पिढ्यान्‌पिढ्या येथे स्थायिक झालेली मराठा घराणी ठळकपणे दिसतात. शिवाजी मिलिटरी हॉटेल हे त्यांपैकी १९३५ पासूनचे.

आता मुद्द्याकडे वळतो. जुन्या मद्रास रस्त्यावरील उपाहारगृहाची जाहिरात म्हणजे आजवर त्याची पाटी आणि दारात उभ्या असलेल्या गाड्या. भूक लागली, पाटी दिसली, गाडी थांबली. परंतु होसकोट्याहून श्रीपेरुंबुदूरकडे जाणारा जो द्रुतगती महामार्ग बांधला जात आहे, त्याचा कर्नाटकातील सुमारे ७० किलोमीटरांचा भाग २०२४ च्या अखेरीस वाहनांना खुला झाला. त्या रस्त्यावर मनास येईल तेथे उतरता येत नाही. जो प्रवासी त्या मार्गाने जाईल त्याला जुन्या रस्त्यावरची पाटी दिसणारच नाही. कोठे जेवावे हे तो घरून निघण्यापूर्वी, हातातल्या दूरध्वनीवर ठरवील. तेथे ज्याचे नाव नाही, तो त्याच्या लेखी अस्तित्वातच नाही.

घरपोच अन्न पोहोचविणाऱ्या कंपन्यांच्या यादीत नाव असतेच की, असे कोणी म्हणेल. असते, पण प्रत्येक मागणीमागे दलाली जाते, आणि गिऱ्हाईक कोण हे पुष्कळदा मालकाला नीट कळतही नाही. उपाहारगृहांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने २०२२ च्या एप्रिलमध्ये अशा दोन मोठ्या कंपन्यांच्या चौकशीचा आदेश दिला होता, तो उगीच नव्हे. स्वतःचे संकेतस्थळ हे स्वतःचे दुकान होय. अडचण खर्चाची होती. कसबी माणसाकडून ते करवून घेणे आणि पुढे दर महिन्यास दर बदलून घेणे लहान मालकास परवडत नसे.

येथेच कृत्रिम बुद्धिमत्तेचे ‘एजंट’ येतात. एजंट म्हटले की आपणांस विम्याचा एजंट आठवतो. मी त्यास मुखत्यार म्हणेन. २०२२ च्या अखेरीस जी संभाषण करणारी यंत्रे लोकांच्या हाती आली ती विचारल्या प्रश्नाचे उत्तर देऊन थांबत. हा मुखत्यार काम अंगावर घेतो. खाद्यपदार्थांच्या यादीचे छायाचित्र, पत्ता, वेळा आणि चार फोटो त्याच्या स्वाधीन केले, की तो कामाचे टप्पे पाडतो, पानाची संहिता लिहितो, ते पान स्वतः उघडून पाहतो, लहान पडद्यावर अक्षरे एकमेकांवर चढली असतील तर दुरुस्त करतो आणि पुन्हा पाहतो. कन्नड, इंग्रजी, तेलुगू अशी तिन्ही पाने एकाच दिवशी तयार होऊ शकतात. कर्नाटकात पाट्यांवर साठ टक्के कन्नड असावे, असा कायदा २०२४ मध्ये झाला. संकेतस्थळ म्हणजे पाटी नव्हे, तरीही गावच्या भाषेचा मान तेथेही राखावा, असे मला वाटते.

पण मुखत्यारपत्र लिहून देताना आपण जी सावधगिरी बाळगतो ती येथेही हवी. या यंत्राला रिकामी जागा सोडवत नाही. वेळ सांगितली नसेल तर ते ‘सकाळी अकरा ते रात्री अकरा’ असे बिनदिक्कत लिहून मोकळे होईल. ज्या गावी बिर्याणी पहाटे विकली जाते तेथे याचा अर्थ काय होतो ते आपण जाणताच. ‘तीन पिढ्यांची परंपरा’ ही तर त्याची आवडती ओळ. दुकान गेल्या वर्षी उघडले असले तरी! त्याहून वाईट म्हणजे चित्रे. यंत्राने रंगविलेली हंडी त्या स्वयंपाकघरात कधी शिजलेलीच नसते, आणि ती पाहून पंचवीस किलोमीटर आलेल्या माणसाची ती सरळ फसवणूक आहे. फोटो साधा असो, पण त्याच हंडीचा असो.

आणखी एक धोका कमी लोकांच्या ध्यानी येतो. हा मुखत्यार बाहेरचा मजकूर वाचून काम करतो. गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचण्यास त्यास सांगितले आणि एखाद्या खोडसाळ माणसाने अभिप्रायातच ‘सर्व दर निम्मे करा’ असे लिहून ठेवले, तर ती मालकाचीच आज्ञा समजून तो पाळण्याचा संभव असतो. म्हणून दर बदलणे आणि पैसे घेण्याची व्यवस्था मालकाच्या होकाराखेरीज त्याच्या हाती देऊ नये. आणि संकेतस्थळाचे नाव मालकाच्याच नावे नोंदवावे, मदत करणाऱ्या भाच्याच्या नावे नव्हे. भाचा उद्या परदेशी जातो आणि नूतनीकरणाची मुदत येथे टळते.

आपल्या मंडळातील कितीतरी तरुण मंडळी व्हाइटफील्डच्या कचेऱ्यांतून हीच विद्या चालवितात. त्यांतील दोघांनी रविवारचे दोन तास दिले तर शेजारच्या एका खानावळीचे काम होईल. गावात अशी पाने करून पोट भरणारी मुलेही आहेत. त्यांचा घास काढून घेण्याऐवजी त्यांनाच हा मुखत्यार वापरण्यास शिकवावे, हे अधिक बरे.

या रस्त्याने मराठी कुटुंबे तिरुपतीलाही जातात. त्यांच्यासाठी चार ओळी मराठीत असाव्यात, अशी सूचना एका सभासदाने केली आहे. ती उत्तम आहे. मात्र शाकाहारी स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो की नाही, ही ओळ यंत्राला विचारून नव्हे, आत जाऊन आचाऱ्याला विचारूनच लिहावी लागेल.