वनौषधींचा अर्क आणि मधुमेह
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



मी वैद्य नाही, कापडाचा व्यापारी आहे. मात्र गेली पंधरा वर्षे मधुमेहाचा रुग्ण असल्याने स्वानुभवावर चार शब्द बोलतो.

चार वर्षांपूर्वी एका परिचितांनी मला कारले व जांभूळबियांचे चूर्ण दिले आणि आता गोळ्यांची गरज नाही, असे सांगितले. वनस्पतीचे औषध म्हणजे निर्दोष, या समजुतीने मी गोळ्या बंद केल्या. तीन महिन्यांनी पायाला चप्पल लागून जखम झाली. ती दोन महिने भरेना. वेळीच रक्ततपासणी झाली म्हणून अंगठा वाचला. त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले.

वनस्पतींत गुण नाहीत, असे मुळीच नाही. जांभूळ, कारले, मेथी, आवळा, मधुनाशिनी यांच्या अर्कांवर प्रयोगशाळांतून विपुल काम झाले आहे. अँटिऑक्सिडंट गुण पाहण्याची एक रीत अशी : डीपीपीएच या रसायनाच्या जांभळ्या द्रावणात अर्क मिसळतात; रंग उतरून पिवळट झाला, की तो गुण आहे असे समजतात. दुसऱ्या परीक्षेत, पिष्टमय अन्नाची साखर करणाऱ्या पाचकद्रव्याला अर्क किती रोखतो, ते पाहतात. परंतु हे सारे काचेच्या नळीत घडते. दुकानात कापडाचा रंग सुंदरच दिसतो. तो पक्का की कच्चा, हे धुतल्यावर कळते. औषधाच्या बाबतीत ही धुलाई म्हणजे रुग्णांवरील चाचणी होय.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने विजयसार, म्हणजे आपला बिबळा, याची अशी चाचणी घेतली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र ते नव्याने निदान झालेले रुग्ण होते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. उलट, ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची तुलनात्मक चाचणी झाली, तेव्हा साखर कमी झाल्याचे आढळले नाही.

आपण घेतो त्या मेटफॉर्मिनचे मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपातील गालेगा या वनस्पतीत साखर उतरविणारे, पण विषारी द्रव्य सापडले. त्याच्याशी नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ साली प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ साली फ्रान्समधील डॉ. झाँ स्टर्न यांनी रुग्णांवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. पानापासून गोळीपर्यंतचा प्रवास असा दीर्घ असतो.

म्हणून माझी नम्र विनंती आहे. चूर्ण वा काढा घ्यावयाचा असल्यास डॉक्टरांना सांगून घ्यावा. गोळी आणि चूर्ण दोन्ही मिळून साखर एकदम खालीही जाऊ शकते. औषधात आपणांस वर्ज्य असलेला मध आहे का, हे विचारावे. पर्युषणात उपवास धरण्यापूर्वी मात्रेविषयी सल्ला घ्यावा. आणि चालू गोळी मनाने कधीही बंद करू नये.

शनिशिंगणापुरात परंपरेने घरांना दारे नाहीत; विश्वास हे या भूमीचे भूषण आहे. परंतु शरीरात कोणते औषध जावे, याच्या दारावर मात्र विवेकाचा पहारा असू द्यावा. आत्मकल्याणाची साधनाही याच देहाने करावयाची आहे.

बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!