नाणे गेले, जुगार राहिला



ज्या कतारमध्ये आपण उपजीविकेसाठी आलो, तेथे कॅसिनो नाही आणि जुगार हा गुन्हा आहे. मग या विषयाची येथे चर्चा कशासाठी? त्याचे उत्तर आपल्या खिशात आहे. २०१५ पासून येथील बहुतेक कामगारांचे वेतन बँकेत जमा करण्याची सक्ती झाली. ती स्वागतार्हच होती. पगार बुडविणाऱ्या मालकाला तिने काही अंशी आळा घातला. परंतु त्यामुळे पगार हा मोबाइलच्या पडद्यावरील आकडा झाला, आणि जुगाराचा अड्डाही त्याच पडद्यावर येऊन बसला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने स्लॉट मशीन घडविले. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे नाणे टाकावे, दांडा ओढावा, असाच क्रम होता. नाणी संपली की माणसाला उठावे लागे. २००० च्या सुमारास लास व्हेगासमध्ये नाण्याची जागा छापील चिठ्ठीने घेतली, पुढे कार्ड आले, आता मोबाइल. मालक याला ग्राहकाची सोय म्हणतात. वैद्यकाच्या दृष्टीने मात्र ते उठणे, रिकामी पिशवी पाहणे, हाच उरलासुरला लगाम होता. प्रेलेक आणि सिमेस्टर या संशोधकांनी २००१ मध्ये दाखविले, की सामन्याच्या त्याच तिकिटासाठी रोख देणाऱ्यापेक्षा क्रेडिट कार्डवाला दुपटीपर्यंत बोली लावतो. हे तर सुशिक्षित विद्यार्थी होते, व्यसनी नव्हेत! त्यात जुगाराच्या यंत्राची खोड अशी, की थोडक्यात हुकलेला डावही मेंदूला जिंकल्यासारखाच उत्तेजित करतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ मध्ये जुगाराला दारू आणि मादक द्रव्यांच्या पंक्तीत बसविले, ते उगीच नव्हे.

आपल्या मुंबईने हे आधी मटक्याच्या रूपाने भोगले. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या आकड्यांवर गिरणी कामगारांची कमाई गेली. तरी आकडा लावायला बुकीपर्यंत चालत जावे लागे. पुढे गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांना परवानगी दिली. महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनो कायदा कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये तो रद्दही झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पण परदेशातून चालणारी बेकायदा संकेतस्थळे कायद्याला विचारून उघडत नाहीत.

रोकडविरहित यंत्र मुळातच वाईट, असे मात्र मी म्हणणार नाही. नॉर्वेने २००६ मध्ये यंत्रांत नोटा टाकणे थांबविले, २००७ मध्ये खासगी यंत्रेच हटविली आणि नंतर सरकारी यंत्रे आणली, ती केवळ कार्डावर चालणारी. पण त्या कार्डावर हरण्याची मर्यादा बांधलेली असते. तेच तंत्र, उलट्या हेतूने वापरलेले.

सिगालोवाद सुत्तात बुद्धाने जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. धनहानी हा त्यांपैकी एकच. जुगाऱ्याच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, हाही त्यात आहे. कुटुंबाला आजार कळतो तो बहुधा याच वाटेने. घरी जाणारी रक्कम घटते, कारणे दर महिन्याला बदलतात, मित्रांकडून उसनवारी वाढते. अशा वेळी भाऊ किंवा मेहुणा कर्ज फेडून मोकळा होतो आणि रुग्णाला नवा डाव मिळतो. कर्ज फेडायचेच असेल, तर रक्कम त्याच्या हाती न देता थेट सावकाराला द्यावी, आणि त्याच्या संमतीने पगाराच्या खात्याचा व्यवहार काही काळ दुसऱ्या विश्वासू माणसाने पाहावा. उपचार उपलब्ध आहेत. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी स्वतंत्र चिकित्सालय आहे. गावाकडील नातेवाइकांना टेलि-मानसचा १४४१६ हा विनामूल्य क्रमांक आजच कळवावा; तेथे मराठीतून बोलता येते.

जय भीम!