इतिहास शिकायला दोन देश कशाला?

मी शनिशिंगणापूरहून बोलतेय. तुमच्यातल्या बऱ्याच जणी मला ओळखतात. बचत गटाच्या बैठकीला वही घेऊन येणारी, हप्ता थकला की घरी येऊन बसणारी ती मीच. आज मात्र हप्त्याचं बोलायचं नाही. माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे.

आमच्या एका गटातल्या ताई रस्त्याकडेच्या रसवंतीवर काम करतात. त्यांची मुलगी इतिहास घेऊन बी.ए. झाली. मागच्या उन्हाळ्यात ताईंनी वीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पोरीचा पासपोर्ट काढायचाय आन् इंग्रजीची परीक्षा द्यायचीय. तिला जगाचा इतिहास शिकायचाय. एक वर्ष एका देशात, दुसरं वर्ष दुसऱ्या देशात."

बैठकीत हसू पिकलं. एक जण म्हणाली, "शेळी घेतली तर दूध तरी देईल." आणि मी, स्वतः इतिहासाची पदवीधर, म्हणाले, "इतिहासच शिकायचाय तर नगरला शीक की. त्याला दोन देश कशाला? त्यापेक्षा बी.एड. कर." अर्ज बाजूला पडला.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझ्या घरी आली. रागावली नव्हती. म्हणाली, "मावशी, आपल्या जिल्ह्यात १८७५ साली शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते तुम्ही शिकलात ना?"

शिकले होते. दख्खनचे दंगे. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला मे महिन्यात सुरुवात झाली आणि लोण आपल्या नगर जिल्ह्यात आलं. परीक्षेत पाच मार्कांना लिहिलंही होतं.

"मग त्याची एक मुळी अमेरिकेत आहे, हे कुणी सांगितलं होतं?"

तिनं जे सांगितलं ते असं. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस अमेरिकेतून यायचा. तिथल्या मळ्यांत तो गुलाम माणसं पिकवायची. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं आणि कापूस अडला. गिरणीवाले हिंदुस्थानकडे वळले. भाव चढला, सावकार न मागता उचल देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, अमेरिकेचा कापूस पुन्हा सुरू झाला, इथला भाव पडला. त्यातच सरकारनं शेतसारा वाढवला. सावकारांनी हात आखडले, जुनी बाकी मात्र वसुलीला काढली. शेतकरी उठले ते त्या कागदांवर. पुढं १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या कर्जासाठी वेगळा कायदा करावा लागला.

मी गप्प झाले. कर्जाचा कागद म्हणजे काय, हे गटातल्या बाईला कुणी शिकवायला नको. दरमहा शेकडा दोननं आपण आपल्यातच पैसे फिरवतो, ते सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणूनच ना? पण आपल्या पणज्याच्या कर्जाचा धागा समुद्रापलीकडच्या गुलामाच्या शेतापर्यंत जातो, हे मला पदवी घेऊनही ठाऊक नव्हतं.

असा धागा शोधत जायचं, तो जागतिक इतिहास. आणि तुलनात्मक म्हणजे दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायच्या. आपल्याच तालुक्यात, नेवाशाला, १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी संस्कृतातली गीता मराठीत सांगितली. त्यानंतर वीस-तीस वर्षांत इटलीच्या दान्ते या कवीनं लॅटिन सोडून लोकांच्या बोलीत आपलं मोठं काव्य लिहिलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. मग जवळपास एकाच काळात दोन्हीकडे लोकभाषेत का लिहावंसं वाटलं? कुठे सारखं, कुठे वेगळं? एकाच गावात बसून हा प्रश्न सुचणं अवघड.

दोन देश का, त्याचंही उत्तर तिच्याकडे होतं. इंग्रज सरकारची आपल्याविषयीची ढीगभर कागदपत्रं आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि कापसाच्या मळ्यांची अमेरिकेत. एकाच बाजूचे कागद वाचले तर एकाच बाजूची गोष्ट कळते. आपण गटातलं भांडण तरी एकीचं ऐकून मिटवतो का?

आणि ही वाट नवी नाही. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. मुख्य विषय अर्थशास्त्र, पण इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्रही शिकले. १९१५ च्या एम.ए.साठी त्यांनी लिहिलं ते प्राचीन भारताच्या व्यापारावर. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. वर्षभरात शिष्यवृत्ती संपली, परतावं लागलं. वेगळ्या जहाजानं पाठवलेली पुस्तकं युद्धात जहाजासकट बुडाली. मग मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली आणि १९२० ला ते पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाबाईंनी मुंबईत ओढाताणीत संसार सांभाळला. ते पहिल्यांदा निघाले तेव्हा यशवंत तान्हा होता. त्या शिक्षणात रमाबाईंचाही हप्ता आहे, असं मी म्हणते.

आज हीच दोन विद्यापीठं मिळून जागतिक इतिहासाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवतात. पहिलं वर्ष न्यूयॉर्क, दुसरं लंडन, शेवटी प्रबंध, आणि दोन पदव्या. खर्च लाखो रुपयांचा, शिष्यवृत्तीशिवाय आपल्याला झेपणारा नाही. अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. इतर काही प्रवर्गांसाठीही योजना आहेत. युरोपात इरास्मस मुंडुस नावाची शिष्यवृत्ती आहे. त्यातले अभ्यासक्रमही एकाहून जास्त देशांत होतात. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीतून मात्र २०२२ च्या नियमांत भारताचा इतिहास, संस्कृती असे विषय वगळले गेले. म्हणून अर्ज करण्याआधी त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचा. "मी काम करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

पुढच्या बैठकीत मी उभी राहिले आणि म्हणाले, "मागच्या वेळी मी चुकले. पोरीचं ऐकून न घेताच बोलले." मग तिलाच कापसाची गोष्ट सांगायला लावली. शेळीचं बोलणारीनंच पहिला हात वर केला. वीस हजार, दहा हप्ते, नेहमीचंच व्याज. ठराव वहीत कारणाच्या रकान्यात नेहमी शेळी, शिलाई मशीन, दवाखाना असं लिहितो. या वेळी लिहिलं, "इतिहासाचे शिक्षण".

पासपोर्ट आला आहे. परीक्षा व्हायची आहे. शिष्यवृत्ती मिळेलच असं नाही, हे तिलाही माहीत आहे, गटालाही. तीन हप्ते मात्र वेळेवर आलेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात अशी एखादी मुलगी आली, तर नाही म्हणायच्या आधी तिला एकच विचारा, "तुला नेमकं काय शोधायचंय?" आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत ऐका. मी ऐकलं नव्हतं.