स्टॉकहोममधला पहिला दिवस



आम्ही चार जोडपी स्टॉकहोमला गेलो होतो, सगळी सुरतेची. दोन मराठी, दोन गुजराती. त्यामुळे बॅगांत चकल्याही होत्या आणि थेपलेही. सगळी सहल सांगत बसलो तर आरतीची वेळ होईल, म्हणून पहिल्या दिवसाचंच सांगतो.

हे शहर चौदा बेटांवर वसलेलं आहे. सकाळी गाम्ला स्तान, म्हणजे जुनं गाव पाहिलं. तिथला एक बोळ जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद. आपलं गोपीपुरा मोकळं वाटावं असा. मग १९२३ चं नगरभवन. नोबेलची मेजवानी होते त्या दालनाचं नाव 'निळं', आणि भिंती लाल विटांच्या! वास्तुकाराला विटाच इतक्या आवडल्या की निळा रंग दिलाच नाही, नाव तेवढं उरलं.

दुपारी बोटीनं वासा संग्रहालयात गेलो. तिथून मग कुणाचाच पाय निघेना.

वासा ही स्वीडनच्या राजाची युद्धनौका. ६९ मीटर लांब, ६४ तोफा. १० ऑगस्ट १६२८ ला, म्हणजे शिवरायांच्या जन्माच्या दीड वर्ष आधी, ती पहिल्यांदा निघाली आणि बंदरातच, दीड किलोमीटरही न जाता बुडाली. सुमारे तीस माणसं गेली. वरचा भार जास्त, खालचा भाग अरुंद. हे कळलं नव्हतं असं नाही. आधी तीस खलाशांना डेकवर इकडून तिकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतकं डोलायला लागलं की चाचणीच थांबवली. जहाज नाही थांबवलं. राजा लढाईवर होता आणि घाई करत होता. पुढे चौकशी झाली, पण जहाजाची मापं राजानंच मंजूर केलेली. शिक्षा कुणालाच झाली नाही.

त्या समुद्राचं पाणी मचूळ, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. म्हणून ३३३ वर्षांनी, १९६१ साली, जहाज जवळजवळ अखंड वर काढता आलं. मग सतरा वर्षं त्यावर औषधाचे फवारे मारले.

आमच्यातल्या एका मित्राचं अडाजणचं तळमजल्याचं घर २००६ च्या ऑगस्टात तापीच्या पुरात बुडालं होतं. ते जहाजासमोर बराच वेळ गप्प उभे होते. मग म्हणाले, "यांनी बुडालेलं जहाज काढून जगाला दाखवायला ठेवलंय. मी पाणी ओसरल्यावर आधी भिंत रंगवून घेतली, खूण दिसायला नको म्हणून."

वहिनी म्हणाल्या, "दारामागे वीतभर राहिलीय अजून. रंगाऱ्याचा हात पोचला नव्हता."

परत आल्यावर आम्ही सगळे ती पाहायला गेलो. माझ्या खांद्याच्या वर आहे.