टँकरच्या पाठीवरचे चार आकडे

आजचा एपिसोड ऊर्जानगरचा. इथे विषयांना तोटा नाही. राख आहे, धूळ आहे, वाघ-बिबटे आहेत. पण आज बोलायचंय ते आपल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या टँकरबद्दल.

औष्णिक केंद्र म्हटलं की आपल्याला कोळसाच आठवतो. पण अशा केंद्रांत मोठे जनरेटर थंड ठेवायला हायड्रोजन वायू लागतो. पाण्यावर प्रक्रिया करायला ॲसिड, कॉस्टिक सोडा आणि बऱ्याचदा क्लोरीन लागतो. शिवाय डिझेल, पेट्रोल, घरचा गॅस आहेच. यातलं बरंच काही टँकर आणि ट्रकमधून येतं, आणि त्याच रस्त्याने आपण टू-व्हीलरवर जातो.

१९ मे २०२२ ची रात्र आठवते? चंद्रपूर-मूल रोडवर अजयपूरजवळ डिझेलचा टँकर आणि लाकडाचा ट्रक यांची टक्कर झाली, आग लागली आणि नऊ जण गेले. अग्निशमन दल पोचायला सुमारे तास लागल्याचं तेव्हाच्या बातम्यांत होतं. त्या नऊ जणांना एखाद्या ॲपने वाचवलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण जंगलातल्या रस्त्यावर असं काही घडलं, की पहिला तास तिथे कोण असतं? आजूबाजूचे गावकरी आणि मागून येणारे आपण. मदतीला सगळ्यात आधी पोचणारा माणूस बहुतेक वेळा बिनवर्दीचाच असतो.

मग आपल्या हातात काय आहे? एक गोष्ट आहे, आणि ती टँकरवरच लिहिलेली असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे धोकादायक माल नेणाऱ्या गाडीवर तीन ठिकाणी माहितीचा फलक लागतो. त्यावर रसायनाचं नाव, चार आकडी यूएन नंबर, धोक्याचं चौकटी चिन्ह आणि आपत्कालीन फोन नंबर असतो. यूएन नंबर जगभर एकच. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १७८९ हायड्रोक्लोरिक ॲसिड. भाषा येवो न येवो, आकडे सगळ्यांना वाचता येतात.

नंबरच्या वर एक छोटा कोड असतो, त्याला हॅझकेम म्हणतात. पेट्रोलचा कोड '३ वाय ई'. तीन म्हणजे आगीवर फोम मारा. का, तर पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पाण्याचा जोरात फवारा मारला तर जळतं पेट्रोलच पसरत जातं. वाय म्हणजे भडका उडू शकतो, श्वासाचं उपकरण लावूनच जवळ जा आणि सांडलेलं नालीत जाऊ देऊ नका. ई म्हणजे माणसं हलवायचा विचार करा. तीन अक्षरांत एवढं सगळं!

हाच नंबर अग्निशमन जवान 'इमर्जन्सी रिस्पॉन्स गाइडबुक'मध्ये शोधू शकतात. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून हे पुस्तक काढतात, दर चार वर्षांनी नवी आवृत्ती येते. त्याचं मोफत ॲप आहे. पेट्रोल-डिझेलचा टँकर पेटला असेल, तर ते चारही बाजूंनी ८०० मीटर जागा मोकळी करायला सांगतं. आपण व्हिडिओ काढायला किती जवळ जातो, आठवा जरा! 'अलोहा' नावाचा प्रोग्रॅम तर वारा आणि तापमान घालून वायू कुठवर जाईल याचा अंदाज देतो. अर्थात अंदाजच. आणि ॲपचाही भरवसा कायमचा नाही. 'वायझर' नावाचं असंच एक लोकप्रिय ॲप २०२३ मध्ये बंद झालं. शिवाय जंगलात रेंज जाते, म्हणून डाउनलोड आधीच करून ठेवायचं.

पण हे सगळं चालतं कशावर? कोणीतरी तो नंबर वाचून सांगितला तर. भोपाळमध्ये १९८४ साली डॉक्टरांसमोर हजारो रुग्ण होते, पण नेमका कोणता वायू आणि त्यावर काय उपचार, हेच त्यांना कळत नव्हतं.

म्हणून भावांनो, बहिणींनो, अपघात दिसला तर मोबाइलचा कॅमेरा झूम करा, पण लांबूनच. नंबर वाचा आणि ११२ ला सांगा: गाव, रस्ता, चार आकडे, धूर की वास, किती जखमी. नंबर दिसत नसेल तर तसं सांगा, पण वाचायला पुढे जाऊ नका. वारा पाठीवर घ्या. वारा कळायला ऊर्जानगरच्या चिमण्यांकडे बघू नका, वरचा वारा वेगळा असू शकतो. झाडाची पानं, जमिनीलगतची धूळ बघा. क्लोरीन आणि एलपीजी हवेपेक्षा जड, ते नाल्यात, खोलगट भागात साचतात. म्हणून उंचावर जा. गळणाऱ्या क्लोरीन सिलिंडरवर पाणी ओतू नका. त्यातून ॲसिड बनतं आणि भोक मोठं होतं. आणि सांडलेलं डिझेल भरायला कॅन घेऊन कोणी निघाला, तर त्याला थांबवा, तो तुमचा काका असला तरी.

या आठवड्याचं काम सांगतो. चहाच्या टपरीवर टँकर उभा दिसला की त्याचे चार आकडे वाचा आणि आत काय असेल ते ओळखा. फलक पुसट असेल किंवा चिखलाने झाकला असेल, तर ड्रायव्हरभाऊंना प्रेमाने सांगा, पुसून घ्या म्हणावं. किती नंबर ओळखले ते मला व्हॉइस मेसेजने कळवा. भेटू पुढच्या भागात!