सॅम ह्यूस्टन : माघार घेणारा सेनापति

इ. स. १८६१ च्या मार्च महिन्याची १६ तारीख. टेक्सास संस्थानची राजधानी ऑस्टिन. विधिमंडळाच्या इमारतींत गव्हर्नरच्या नांवाचा पुकारा चालला होता. सॅम ह्यूस्टन यानें पुढें यावें आणि दक्षिणेकडील नव्या राज्यसंघाशीं एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यावी, असा तो पुकारा होता. तीन वेळां नांव उच्चारलें गेलें. तीनही वेळां उत्तर आलें नाहीं. अडुसष्ट वर्षांचा गव्हर्नर त्याच इमारतीच्या तळघरांत चाकूनें लांकूड तासत बसला होता, अशी हकीकत सांगतात. त्याची जागा रिकामी झाल्याचें जाहीर करण्यांत आलें व दुय्यम गव्हर्नर एडवर्ड क्लार्क तीवर बसला.

आज ह्यूस्टन म्हटलें कीं अंतराळयानांच्या केंद्राचें अफाट शहर डोळ्यांपुढें येतें; ज्याच्या नांवावरून तें वसलें, तो मनुष्य मात्र बाजूस पडला आहे. सरहद्दीवरील शिपाईगिरीच्या जोरावर राजकारणांत वर चढलेले पुरुष अमेरिकेंत पुष्कळ झाले. परंतु ज्या लोकांनीं आपणांस डोक्यावर घेतलें त्यांनाच नकार देण्याचें बळ त्यांतील फार थोड्यांजवळ होतें.

ह्यूस्टनचा जन्म २ मार्च १७९३ रोजीं व्हर्जिनियांत झाला. बाप क्रांतियुद्धांत लढलेला. तो वारल्यावर आईनें नऊ मुलांसह टेनेसीच्या सरहद्दीवर बिऱ्हाड हालविलें. भावांनीं सॅमला दुकानांत बसविलें, पण तागडी आणि गज यांत त्याचें मन रमेना. सोळाव्या वर्षीं तो घरांतून पळाला आणि हिवासी नदीच्या बेटावरील चेरोकी इंडियन लोकांत जाऊन राहिला. त्यांचा नायक ऊलूटेका यानें त्याला पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें व त्याचें नांव आपल्या भाषेंत 'डोमकावळा' असें ठेविलें. सुमारें तीन वर्षें तो तेथें होता. चेरोकींची बोली त्याला आली, आणि त्यांच्याविषयींचा जिव्हाळा पुढें जन्मभर टिकला.

१८१३ त तो सैन्यांत शिरला. पुढील वर्षीं, २७ मार्च रोजीं, ॲलाबामांतील टॅलापूसा नदीच्या वळणावर अँड्र्यू जॅक्सनची क्रीक लोकांशीं लढाई झाली. मांडींत रुतलेला बाण दुसऱ्याकडून उपटवून घेऊन ह्यूस्टन पुन्हां पुढें गेला आणि खांद्यांत दोन गोळ्या घेऊन पडला. हा कांहीं जगत नाहीं, असें समजून वैद्यांनीं त्याच्यावर फारसे श्रम घेतले नाहींत. तो जगला, जखम मात्र कधींच पुरती भरून आली नाहीं. जॅक्सनची त्याच्यावर मर्जी बसली ती या दिवशीं.

पुढचा चढ भराभर आहे. वकिली, १८२३ त काँग्रेसचें सभासदत्व, १८२७ त टेनेसीची गव्हर्नरी. मग १८२९ च्या एप्रिलांत सारेंच कोसळलें. लग्नाला अवघे अकरा आठवडे झाले असतां त्याची पत्नी एलायझा ॲलन माहेरीं निघून गेली. कारण काय, हें उभयतांपैकीं कोणींही उघड केलें नाहीं. चरित्रकारांनीं या एका प्रश्नावर पानेंच्या पानें खर्चीं घातलीं आहेत; तीं न वाचल्यास कांहीं बिघडत नाहीं. ह्यूस्टननें राजीनामा दिला, आगबोट धरली आणि पश्चिमेची वाट घेतली. गेला तो कोठें, तर पुन्हां ऊलूटेकाकडेच! चेरोकींची एक शाखा तोंपर्यंत मिसिसिपीपलीकडे गेली होती. त्यांनीं त्याला रीतसर आपल्या जमातींत घेतलें. त्यांच्या वतीनें वॉशिंग्टनला जाऊन लुबाडणाऱ्या सरकारी एजंटांविरुद्ध त्यानें गाऱ्हाणीं मांडलीं. पण त्याच काळांत दारूच्या तो इतका आहारीं गेला कीं, त्या लोकांनींच त्याला 'दारुडा' हें दुसरें नांव बहाल केलें.

१८३२ च्या अखेरीस तो टेक्सासांत आला. हा मुलूख तेव्हां मेक्सिकोचा होता, पण वसाहत करणारे बहुतेक अमेरिकन. मेक्सिकोनें गुलामगिरी १८२९ त बंद केली होती, आणि या वसाहतवाल्यांना ती हवी होती. शिवाय सांता आनानें प्रांतांचे अधिकार काढून सारी सत्ता राजधानींत ओढली. भांडण पेटलें. २ मार्च १८३६ रोजीं, म्हणजे ह्यूस्टनच्या त्रेचाळिसाव्या वाढदिवशींच, स्वातंत्र्याची घोषणा झाली. सेनापति तोच.

६ मार्चला ॲलामोची गढी पडली. आंतले लढवय्ये सारे कामास आले. ह्यूस्टन गोन्झालेस येथें पोंचला तेव्हां त्याच्यापाशीं जेमतेम पावणेचारशें माणसें होतीं, तींही कवायत न शिकलेलीं. त्यानें पूर्वेकडे माघार घेतली. मागोमाग बायकामुलें, गाड्या, गुरें, अशी सारी वस्ती पावसाचिखलांतून निघाली. महिन्याच्या अखेरीस गोलियाड येथें शरण आलेल्या तीनशेंहून अधिक लोकांना सांता आनाच्या हुकुमानें गोळ्या घालण्यांत आल्या. तरी सेनापति मागेंच चाललेला! शिपाई त्याला तोंडावर भेकड म्हणूं लागले. हंगामी अध्यक्ष बर्नेट यानें पत्र धाडलें, त्याचा आशय असा कीं, शत्रु तुम्हांस हसत आहे, आतां तरी लढा. ह्यूस्टननें आपला बेत कोणासच सांगितला नाहीं.

गनिमी काव्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मराठी श्रोत्यांस यांतलें मर्म उलगडून सांगावयास नको. पाठलाग करणाराची रसद लांबते आणि सैन्य विखुरतें. सांता आनाचें तसेंच झालें. टेक्सासचें सरकारच पकडूं, या हव्यासानें तो थोडें सैन्य घेऊन पुढें धांवला. २१ एप्रिल रोजीं दुपारीं, सॅन जसिंटो नदीजवळ मेक्सिकन छावणी विसांवली असतां, ह्यूस्टनचे सुमारें नऊशें लोक तिच्यावर तुटून पडले. लढाई अशी चालली ती अठरा मिनिटें. पण कत्तल त्यानंतरही चालूच राहिली. पळणारे व शरण येणारेही मारले गेले, आणि घोट्यांत गोळी लागलेल्या सेनापतीला ती थांबवितां आली नाहीं. मेक्सिकोचे सहाशेंवर ठार आणि सातशेंवर कैद झाले. टेक्सासचे मृत डझनभरही नव्हते.

दुसऱ्या दिवशीं साध्या कपड्यांतील एक कैदी छावणींत आणला गेला. त्याला पाहतांच इतर कैद्यांनीं 'अध्यक्ष' म्हणून पुकारा केला, आणि सांता आना ओळखला गेला. त्याला फांशी द्या, असा शिपायांचा एकच गलका झाला. ह्यूस्टननें नकार दिला. जिवंत सांता आनाच्या सहीनें मेक्सिकोचें उरलेलें सैन्य परत जाणार होतें. मेलेल्याच्या प्रेतापासून सूड तेवढा मिळाला असता.

स्वतंत्र टेक्सासचा तो दोनदां अध्यक्ष झाला. परंतु त्याच्या कारकीर्दीचें खरें शल्य चेरोकींचें आहे. फेब्रुवारी १८३६ त त्यानें टेक्सासांतील चेरोकींशीं तह करून त्यांना जमिनीचें वचन दिलें होतें. पुढें टेक्सासच्या सिनेटनें तो तह नाकारला. त्याच्यामागून आलेला अध्यक्ष लमार यानें १८३९ त फौज पाठवून त्यांना हुसकून लाविलें. त्या झुंजींत त्यांचा वृद्ध नायक बोल्स मारला गेला, तेव्हां त्याच्या अंगावर ह्यूस्टननेंच भेट दिलेली तलवार होती.

१८४५ च्या अखेरीस टेक्सास संयुक्त संस्थानांत सामील झालें. ह्यूस्टन तेरा वर्षें सिनेटर होता. १८५४ त कॅन्सस-नेब्रास्काच्या कायद्यानें गुलामगिरीला नवा मुलूख खुला होऊं लागला, तेव्हां दक्षिणेकडील केवळ दोन सिनेटरांनीं विरोधी मत दिलें; त्यांतला एक ह्यूस्टन. येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. तो गुलामांचा कैवारी नव्हता. त्याच्या स्वतःच्या घरीं गुलाम होते. त्याला वांचवावयाचें होतें तें संयुक्त राज्य.

१८५९ त लोकांनीं त्याला टेक्सासचा गव्हर्नर निवडलें. पुढील वर्षीं लिंकन निवडून आला आणि दक्षिणेंत वणवा भडकला. फुटून निघण्याच्या ठरावास १८६१ च्या फेब्रुवारींत लोकांनींही प्रचंड बहुमतानें कौल दिला. मग १६ मार्चचा तो प्रसंग. लिंकननें गव्हर्नरपद राखण्यासाठीं लष्करी मदत देऊं केली होती, तीही त्यानें नाकारली. टेक्सासच्या भूमीवर आपल्यासाठीं रक्त सांडावें, हें त्याला नको होतें. उत्तरेचा जोर दक्षिणेला आवरणार नाहीं, हें तो जाहीर सभांतून सांगत राहिला. ऐकणारे थोडे, शिव्या देणारे पुष्कळ.

त्याचा थोरला मुलगा सॅम बापाचें मत बाजूस ठेवून दक्षिणेच्या सैन्यांत भरती झाला आणि एप्रिल १८६२ मध्यें शिलोच्या रणांगणावर जखमी होऊन पडला. तो वांचला. ह्यूस्टन २६ जुलै १८६३ रोजीं हंट्सव्हिल येथें वारला. त्यापूर्वीं कांहीं महिने त्यानें मृत्युपत्र केलें होतें. सॅन जसिंटोच्या लढाईंतील तलवार त्यानें याच मुलाला दिली, आणि ती राज्यघटना, कायदे व देशाचें स्वातंत्र्य यांच्या रक्षणाखेरीज कधींही उपसूं नये, अशी अट घातली.